साइट पाहिल्याशिवाय

‘माजिवडा नाक्यापासून फक्त ५ मिनिटं’ असं घरं विकणाऱ्या एका वेबसाइटवर लिहिलं होतं. रविवारी सकाळी साडेदहाला मी नाक्यावर रिक्षात बसले आणि घड्याळ पाहिलं. बाळकुम मागे पडलं, कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली, रस्त्याला लागून गोदामं सुरू झाली आणि काल्हेरला एका पत्र्याच्या कुंपणासमोर रिक्षा थांबली. २४ मिनिटं झाली होती, तीही रविवारी, ट्रक कमी असताना. वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं आणि पिवळं हेल्मेट हातात दिलं. सातव्या स्लॅबपर्यंतचं काम पाहून मी शेजारच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मावशींना विचारलं, इथे पाणी कुठलं? घरी आल्यावर यादीत त्या वेबसाइटच्या पत्त्याखाली लिहिलं : काल्हेर, तालुका भिवंडी. माजिवड्याहून रिक्षाने २४ मिनिटं. पाणी टँकरचं. आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख.

आमच्याकडे ‘साइट’ या एका शब्दात दोन जागा राहतात. एक कॉम्प्युटरवर उघडते ती. दुसरी, जिथे सळया बांधल्या जातात आणि स्लॅब पडतो ती. ‘साइट बघितली का?’ असं एजंट विचारतो तेव्हा त्याला दुसरी म्हणायची असते. घरांच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटींची एक फुकट यादी मी २००३ पासून इंटरनेटवर चालवते आहे. पहिली काही वर्षं मी फक्त पहिल्या साइटी पाहत होते. दुसऱ्या साइटीही पाहायला हव्यात हे मला ज्या प्रसंगाने शिकवलं, तो सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

१९९८ मध्ये मी नाक्याजवळ एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि झेरॉक्स, टायपिंग, डीटीपीचं काम सुरू केलं. माजिवडा म्हणजे तेव्हाही रस्त्यांचा तिठा. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग इथवर येतो आणि मग वाटा फुटतात, एक नाशिककडे, एक घोडबंदरकडे. आजूबाजूला कारखान्यांचं ठाणं होतं. कोलशेतला बायर आणि क्लॅरिअंट, पोखरण रोडला व्होल्टास आणि रेमंड. पहिल्या पाळीचे भोंगे ऐकून घरातली डब्यांची घाई ठरत असे. मग एकेक भोंगा बंद होत गेला. माणसं व्हीआरएसचे अर्ज टाइप करायला माझ्याकडे येऊ लागली. वर्षा-दोन वर्षांनी तीच माणसं किंवा त्यांची मुलं फ्लॅटच्या ॲग्रीमेंटच्या झेरॉक्स काढायला येत. भाडेकरार, खरेदीखतं, सोसायटीच्या नोटिसा, शपथपत्रं, ना हरकत दाखले हे सगळं माझ्या टेबलावरून गेलं. माणूस आयुष्यभराची कमाई ज्या कागदात घालतो, तो कागद बहुतेक वेळा त्याने वाचलेला नसतो, हे मी त्या टेबलावर बसून पाहिलं.

२००३ च्या पावसाळ्यात गावठाणातले एक वृद्ध गृहस्थ आले. मुलगा मस्कतला होता आणि त्याला ठाण्यात घर घ्यायचं होतं. ‘तो म्हणतो नेटवर बघतो, पण बघायचं कुठे ते सांगा.’ मी दोन संध्याकाळी बसून बिल्डरांचे, एजंटांचे, कर्ज देणाऱ्या बँकांचे ११ पत्ते जमवले आणि त्याला ईमेल केले. श्रीलिपीत टाइप केलेलं मराठी त्याच्याकडे पोहोचेपर्यंत नुसती अगम्य चिन्हं झालं होतं. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत आलं नव्हतं. मग तीच यादी इंग्रजी अक्षरांत परत पाठवली. पुढच्या महिन्यात आणखी तिघांनी ती मागितली. दर वेळी पाठवण्यापेक्षा एका जागी ठेवावी म्हणून जिओसिटीजवर फुकट मिळणारं एक पान घेतलं. इतकीच माझ्या सूचीची सुरुवात.

अशा सूच्यांचा तो बहराचा काळ होता. याहू हीच मुळात १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हाताने लावलेली वेबसाइटींची यादी होती. १९९८ मध्ये सुरू झालेली डीमॉझ नावाची खुली सूची तर जगभरचे हजारो स्वयंसेवक सांभाळत. कुठलाही मोबदला न घेता कुणीतरी एखादं शहर, एखादा विषय आपला मानून तिथले पत्ते नीट लावून ठेवी. मला त्या कामाबद्दल फार आपुलकी वाटे. शाळेच्या वाचनालयात कार्डं लावणाऱ्या बाई मला तिथे दिसत.

मी दोन नियम केले. यादीत नाव घालायला पैसे घ्यायचे नाहीत, आणि यादी पाहणाऱ्याकडूनही घ्यायचे नाहीत. सर्वांत वर सरकारी पत्ते ठेवायचे : जमिनीच्या अभिलेखांचा, नोंदणी व मुद्रांक विभागाचा, महापालिकेचा. मग बँका, मग बिल्डर, मग गावांप्रमाणे एजंट. एकदा एक तरुण एजंट पाकीट घेऊन आला, ‘ताई, माझं नाव ढोकाळीत सगळ्यांत वर ठेवा.’ मी पाकीट परत दिलं आणि त्याचं नाव अक्षरक्रमाने जिथे यायचं होतं तिथेच ठेवलं. तो रागावला नाही. पुढे त्यानेच मला अनेक खऱ्या-खोट्या पत्त्यांची माहिती दिली.

गाव लावणं हे मात्र वाटलं तितकं सोपं नव्हतं. बोलण्यात माजिवडा, सातबाऱ्यावर माजिवडे. इंग्रजीत कुणी डब्ल्यू लिहितो, कुणी व्ही. दस्त शोधताना महसुली गावाचं नाव नेमकं द्यावं लागतं, नाहीतर समोर कोरं पान येतं. डोंबिवलीच्या बाजूची २७ गावं तर १९८३ मध्ये तिथल्या महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. त्या गावांतल्या एखाद्या इमारतीला परवानगी कोणी द्यायची, हे ती कोणत्या वर्षी उभी राहिली यावर ठरतं. माझ्या यादीत ‘हद्द कोणाची’ हा रकाना त्यामुळे आला.

२००५-०६ पासून नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्ससारखी मोठी संकेतस्थळं आली आणि मला वाटलं, आता आपलं काम संपलं. झालं उलटंच. यादीत नाव घालण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या अर्जांचा पूर आला, पण ते अर्ज ठाण्याचे नव्हते. फ्लोरिडाचे, स्पेनचे, बल्गेरियाच्या समुद्रकिनाऱ्याचे, दुबईचे. सुरुवातीला अभिमान वाटला की माजिवड्यातल्या एका गाळ्याची ख्याती सातासमुद्रापार गेली. नंतर कळलं की त्यांना माझे वाचक नकोच होते. एका साइटने दुसरीचा पत्ता दिला की गूगल तो शिफारशीसारखा मोजतं, आणि जितक्या शिफारशी तितकी साइट शोधात वर येते. माझ्या पानावरचा दुवा त्यांना मतासारखा हवा होता. बिनओळखीच्या माणसासाठी मी शिफारस करत होते, आणि पैसे घेत नाही म्हणून ती शिफारस निर्दोष आहे असं समजत होते.

२००८ मध्ये अमेरिकेतला घरांचा बाजार कोसळला. मी ते बातम्यांच्या आधी माझ्या यादीत पाहिलं. महिन्यातून एकदा प्रत्येक दुवा उघडून बघायची माझी सवय होती. त्या वर्षी फ्लोरिडा विभागात एकामागून एक पानं उघडेनाशी झाली. आधी फोन नंबर गेले, मग फोटो, मग नाव. प्रत्येक बंद दुव्यामागे कुणाचं तरी दुकान होतं. आणि मेलेला पत्ता मेलेला राहत नाही. मुदत संपलेलं नाव कुणीतरी विकत घेतं आणि तिथे जुगाराचं पान लावतं. घर शोधायला आलेल्या माणसाला माझी यादी जुगाराच्या दारात नेऊन सोडत होती. सूची चालवणं म्हणजे भर घालणं असं मी तोवर मानत होते. त्या वर्षी मी भर घालण्यापेक्षा जास्त काढलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, जिओसिटीजच बंद झालं. दोन रात्री जागून मी एकेक नोंद हाताने नव्या जागी नेली, आणि नेताना परदेशातल्या सगळ्या मागे ठेवल्या. २०१२ मध्ये गूगलने अशा जमवलेल्या दुव्यांवर कारवाई सुरू केली. मग जे ‘आम्हाला आत घ्या’ म्हणून मागे लागले होते, तेच ‘आमचं नाव काढा’ म्हणून पत्र पाठवू लागले. मी तोवर काढलेलंच होतं.

आता २०११ चा तो प्रसंग.

कोलशेत रोडवरच्या एका कंपनीतून व्हीआरएस घेतलेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी दुकानात आले. हातात माझ्या यादीचं प्रिंटआउट होतं, एका नोंदीखाली निळ्या पेनाने रेघ. त्या एजंटची वेबसाइट मला आठवत होती. सुबक, मराठीत, फोटो नीट, पत्ता नीट. मी ती कॉम्प्युटरवर पाहिली होती आणि आवडली म्हणून लगेच घेतली होती. या जोडप्याने त्याला टोकन म्हणून ५१ हजार रुपये रोख दिले होते. आता फोन बंद होता, वेबसाइट उघडत नव्हती, आणि दिलेल्या पत्त्यावर गाळा होता तो पिठाच्या गिरणीचा. गिरणीवाल्याने त्या एजंटचं नावही ऐकलं नव्हतं.

बाई माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या यादीत होतं ना, म्हणून आम्ही दुसरीकडे विचारलंच नाही.’

मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले, तक्रार टाइप करून दिली, तीन-चार वेळा पाठपुरावा केला. पैसे मिळाले नाहीत. तो गिरणीचा गाळा माझ्या दुकानापासून चालत २० मिनिटांवर होता. नोंद करण्याआधी मी एकदा, फक्त एकदा, तिथवर चालत गेले असते तर त्या दोघांचे ५१ हजार वाचले असते. कितीतरी रात्री मला एवढंच सुचत होतं. यादी फुकट आहे, मी काही हमी दिली नव्हती, हे म्हणणं खरं होतं आणि कामाचं नव्हतं. गावात अनोळखी माणसाने रस्ता विचारला तर आपण वळणापर्यंत जाऊन दाखवतो. ज्या रस्त्याने आपण कधी गेलो नाही तो दाखवत नाही, सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणतो. मी न चाललेला रस्ता दाखवला होता.

तेव्हापासून नवा नियम झाला : साइट पाहिल्याशिवाय साइट घ्यायची नाही. यादीत शेवटचा रकाना आला, ‘पाहिलं ती तारीख’. तारखेला वर्ष झालं की नोंद आपोआप उतरते, आणि पुन्हा जाऊन आल्याशिवाय चढत नाही. त्या एका नियमाने यादी निम्म्याहून लहान झाली. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून रविवार त्याला दिला.

या कामात मला गुरू भेटले ते तात्या. निवृत्त तलाठी. दुपारी पेपर वाचायला दुकानात येत आणि माझे रकाने पाहून म्हणाले, ‘तू पत्ते लिहितेस, जमीन कुठे लिहितेस?’ त्यांनी मला सातबारा वाचायला शिकवला. वरचा भाग गाव नमुना ७, मालकी कुणाची ते सांगणारा. खालचा १२, पिकांचा. ‘माणसं मालकाचं नाव बघतात आणि थांबतात. तू इतर अधिकार बघ. बोजा तिथे, कूळ तिथे, मनाई तिथे. मग फेरफाराचा नंबर घे आणि मागे मागे जा.’ इंडेक्स टू कसा काढायचा, विकास करार आणि खरेदीखत यांत फरक काय, बांधकाम सुरू करायची परवानगी वेगळी आणि भोगवटा प्रमाणपत्र वेगळं, हे सगळं त्यांनी चहाच्या कपाबरोबर शिकवलं. ४ एप्रिल २०१३ ला शीळ-डायघरजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी तात्या पेपर न उघडता बसून राहिले. मी यादीत आणखी एक रकाना घातला : परवानगीचा कागद पाहिला का.

साइटवर जाऊन काय बघायचं, हे हळूहळू कळत गेलं. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं बहुधा नसतात, म्हणून खोल्या मोठ्या वाटतात. तेव्हा टेप घेऊन जायची आणि भिंत ते भिंत मोजायची. विक्री कार्यालयात विचारण्याऐवजी वॉचमनला, टपरीवर, शेजारच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात विचारायचं : पाणी किती वाजता येतं, पावसात रस्त्यावर किती साचतं, रात्री रिक्षा मिळते का. घोडबंदर रोडवर ‘स्टेशनपासून १५ मिनिटं’ लिहिणाऱ्यांनी ती वेळ रात्री दोनला मोजलेली असते. मी संध्याकाळी सातला मोजते.

२०१७ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १७ मार्चला डीमॉझ बंद झालं. मला एखादं जुनं वाचनालय पाडल्यासारखं वाईट वाटलं. आणि त्यानंतर ४५ दिवसांनी, १ मे रोजी, ‘महारेरा’ हे घरबांधणी प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण सुरू झालं. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठांहून जास्त घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणीशिवाय जाहिरात करायला बंदी आली. एजंटलाही नोंदणी सक्तीची झाली. कार्पेट क्षेत्रफळ म्हणजे काय ते कायद्यात लिहिलं गेलं, आणि सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना-लिफ्ट विकण्याचे दिवस सरले. मी जे रविवारी रिक्षाने फिरून करू पाहत होते, त्याला आता कायद्याचं बळ होतं. मी ‘महारेरा’चा पत्ता यादीत सर्वांत वर ठेवला आणि मनापासून वाटलं की आता आपली यादी मिटवून टाकावी.

मिटवली नाही, कारण माणसं नोंदणी क्रमांक घेऊन येत राहिली. ‘ताई, नंबर आहे म्हणजे चांगलं ना?’ नंबर कसा वाचायचा, हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं. सुरुवातीची वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या प्रकल्पाचा क्रमांक पी ५१७ ने सुरू होई. पण जिल्हा म्हणजे शहर नाही. काल्हेरही त्याच जिल्ह्यात, डोंबिवलीही आणि बदलापूरही. ‘ठाणे’ लिहिणारा जाहिरातदार कागदावर खोटं बोलत नसतो, पण घेणाऱ्याला पाणी, कर आणि शाळा कुठली, हे त्यातून कळत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड आला. मोबाइल धरला की प्रकल्पाचं पान उघडतं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते पान उघडून दाखवते आणि पूर्ण करण्याची तारीख कितीदा पुढे गेली आहे ती ओळ आधी वाचायला लावते.

त्यातच डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण बाहेर आलं. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून या इमारतींची ‘महारेरा’कडे नोंदणी करून घेतली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. नोंदणी क्रमांक होता, म्हणून बँकेने कर्ज दिलं. कर्ज मिळालं, म्हणून कुटुंबांनी विश्वास ठेवला. एकाने दुसऱ्याच्या यादीवर भरवसा ठेवला, आणि मुळाशी असलेला कागद खोटा निघाला. प्रकरण उघड झाल्यावर ‘महारेरा’ने परवानगीचा कागद संबंधित महापालिकेकडून पडताळून घ्यायची पद्धत सुरू केली. टीव्हीवर त्या घरांतल्या बायका बोलत होत्या तेव्हा माझ्या कानात २०११ चं वाक्य होतं, ‘तुमच्या यादीत होतं ना.’ कितीही मोठी यादी असो, तिच्या टोकाला कुणीतरी उठून प्रत्यक्ष बघून आलेलं असावं लागतं.

तात्या आता नाहीत. त्यांनी शिकवलेलं मी दोन मुलींना शिकवते आहे. त्यांतली एक डोंबिवलीहून येते, कल्याण-शीळ रस्त्याची बाजू तीच सांभाळते. आज यादीत जेमतेम १४० नोंदी आहेत. एके काळी हजारावर होत्या. या १४० मधल्या प्रत्येकीच्या दारात आमच्यापैकी कुणीतरी उभं राहिलेलं आहे.

यादीची मूळ प्रत मी अजून जाड वहीत ठेवते. पहिल्या पानावर २०११ च्या त्या एजंटची नोंद पुन्हा लिहून ठेवली आहे. नाव, वेबसाइट, गिरणीचा पत्ता, सगळं. वर एकच आडवी रेघ आहे, खालचं वाचता येईल अशी. शेवटचा रकाना, ‘पाहिलं ती तारीख’, कोरा आहे. वहीतली तेवढी एकच नोंद बिनतारखेची आहे. मुली पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी त्यांना आधी तो कोरा चौकोन दाखवला, मग टेप हातात दिली आणि नाक्यावरून रिक्षा केली.